शेऱ्याचा रकाना

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी एक पान उघडते. 'अलीकडील बदल' असं त्याचं नाव. आमच्या विकीवर कुणी, कधी, काय लिहिलं याची ती यादी. ताजी नोंद सगळ्यात वर. उघडलं की वरची ओळ काल होती तीच. मग मी आधण ठेवते. पाच महिने झाले, एक दिवस चुकलेला नाही.

या अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'निवृत्त मंडळींच्या पंगतीत एक तरुण लेख हवा आहे, कामातल्या गमतीजमती लिहा.' गमतीजमती आहेत, त्या आधी वाढते. पण हा लेख मी त्या गमतींसाठी लिहीत नाहीये, हे आत्ताच सांगितलेलं बरं. नंतर फसवलं म्हणू नका.

मी तस्लीम. वय एकोणतीस. घर घोरपडे पेठेत, अब्बांचं बुकबाइंडिंगचं दुकान नारायण पेठेत. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचे. समोरच्या छापखान्यातून सभेची, मोर्चाची, निषेधाची पत्रकं आमच्याकडे कापायला यायची. मी ती वाचून काढायचे. माझी भाषा तिथं घडली, त्यामुळे ती जरा ठोकून बोलते. सवय करून घ्या. कॉलेजात असताना आमच्या भागातलं एक मोफत वाचनालय बंद करायचं घाटत होतं, तेव्हा पहिलं पत्रक स्वतः लिहिलं. 'पुस्तकांना कुलूप? लाज कशी वाटत नाही?' असा मथळा, आणि खाली माझं पूर्ण नाव.

अब्बांनी पत्रक दोन्ही बाजूंनी पाहिलं. "कागद बरा आहे," म्हणाले. मग, "खाली समितीचं नाव टाक ना, बेटा. सगळ्यांचं मिळून."

"समिती लपायला असते, अब्बा."

"असेल. पण आपल्या नावाचा आवाज जरा मोठा येतो."

मी चिडले आणि नाव दोन पॉइंट मोठं केलं. वाचनालय वाचलं. पत्रकामुळे की तोंडावर आलेल्या निवडणुकीमुळे, ते विचारू नका. मी आपला माझा धडा घेतला: लिहायचं ते ठळक, आणि खाली सही ठोकायची.

त्याच चळवळीत आम्ही शहरातल्या बंद पडलेल्या वाचनालयांची यादी एका विकीवर केली होती. विकी म्हणजे काय हे मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून उत्तर तयार आहे. सोसायटीच्या जिन्यात तक्रारींची वही टांगलेली असते ना, तशी वही. फक्त ती सगळ्यांच्या घरी एकाच वेळी उघडते. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं सुधारावं. भांडणं होणारच. त्यासाठी 'इतिहास' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की त्या पानावर पहिल्या दिवसापासून कुणी काय लिहिलं, काय खोडलं, किती वाजता, सगळं नावानिशी समोर येतं. पानावरून उडवलेलंही तिथं शिल्लक राहतं.

"इथं काहीही पुसलं जात नाही!" हे वाक्य मी वर्गात छाती पुढे काढून म्हणायचे.

ती यादी बघून कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या एका संस्थेनं मला नोकरी दिली. काम असं, की परदेशातल्या ग्रंथपालांना मिळून विकी कशी बांधायची ते शिकवायचं. अम्मीला वाटलं, मी गोऱ्यांना संगणक शिकवायला चालले. मोहल्लाभर सांगून आली.

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. डोंगर आहेत, थंडी आहे, जर्दाळू आहेत, एवढं पुरे. तिथल्या बायकांची नावंही लिहिणार नाही. खोटी परदेशी नावं बनवायला गेले तर ती तिथल्याच कुणाची तरी खरी निघायची, ही माझी नवी धास्ती. म्हणून सरळ आपली नावं देते. यातल्या सुमनताई सदाशिव पेठेतल्या नाहीत आणि मंजिरी कर्वेनगरात राहत नाही.

आठ दिवस तिथं जाऊन शिकवायचं, नंतर दर बुधवारी सकाळी अकराला पुण्यातून पडद्यावर. बारा गावांतल्या बारा ग्रंथपाल. तिकडे भाषा दोन, एक सरकारी आणि एक डोंगरातली. डोंगरातल्या भाषेची पुस्तकं थोडी, तीही विखुरलेली. एकीच्या वाचनालयात पहिला भाग तर दुसरीकडे तिसरा. कुठलं पुस्तक कुठल्या गावात आहे, ते बाराजणींनी मिळून एका जागी लिहायचं. बस, एवढंच. यात क्रांती वगैरे काही नव्हती.

माझं इंग्रजी घोरपडे पेठेतलं, त्यांचं त्यांच्या डोंगरातलं. दोन मोडकी इंग्रजी एकमेकींना छान समजतात. चांगलं बोलणारा मध्ये आला की घोटाळा होतो.

पहिल्या दिवशी एकही जण 'जतन करा' दाबेना. बोट बटणावर, आणि बाई माझ्याकडे बघतेय.

"दाबा ना."

"साहेबांची सही?"

"साहेब नाहीत इथं. तुम्हीच साहेब."

"आणि चुकलं तर?"

"दुसरी कुणीतरी सुधारेल."

खोलीत गारठा पसरला. "म्हणजे माझी चूक," ती बाई सावकाश म्हणाली, "हिनं सुधारायची? सगळ्यांच्या देखत?" आणि तिनं शेजारणीकडे असं काही पाहिलं की मला आमच्या पेठेतली दुकानदार मंडळी आठवली.

एक जण लिहिलेलं प्रत्येक पान छापून घ्यायची, त्यावर वाचनालयाचा शिक्का मारायची आणि फायलीला लावायची. म्हटलं, अहो, हे कशाला, विकी आहे ना? म्हणाली, "विकी जळली तर?" दोघींचं एका लेखकाच्या नावावरून वाजलं. एकीच्या मते त्याचं नाव आधी, दुसरीच्या मते घराण्याचं. शेजारी बसून एकाच बशीतले जर्दाळू खात होत्या, एकमेकींच्या सुनांची चौकशी करत होत्या, आणि दर पाच मिनिटांनी एक नाव उलटं करत होती, दुसरी सुलटं. चार दिवस! लेखक वारून जमाना झालेला. तो काही बोलायला येणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी सुमनताईंनी त्यांची दाखल नोंदवही आणून टेबलावर ठेवली. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांक घालून टिपतात, ती वही. सुमनताई पन्नाशीच्या, मुलांच्या वाचनालयाच्या प्रमुख, चष्मा दोरीनं गळ्यात, दोन दिवस एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. वही जाडजूड, कापडी पाठीची. मी ती उलटी करून आधी शिलाई बघितली. सुमनताई पहिल्यांदाच हसल्या.

"बाइंडरची मुलगी आहे," मी सांगितलं.

"मग पानांवर आकडे का टाकतात ते तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. अब्बा सांगायचे, नोंदवहीतले पानांचे आकडे वाचणाऱ्यासाठी नसतात, फाडणाऱ्यासाठी असतात.

त्यांनी मला रकाने दाखवले. दाखल क्रमांक, पुस्तक, लेखक, कुठून आलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पुस्तक हरवलं, फाटलं, काढून टाकलं, तरी नोंद खरडायची नाही. तांबड्या शाईनं एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. आणि शेऱ्यात लिहायचं: का काढलं, कुणाच्या आदेशानं, कधी. मग सही.

"शेरा कधी रिकामा सोडायचा नाही, तस्लीमताई," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईला ताई म्हणतात हे मीच शिकवलं होतं, तर सगळ्या मलाच ताई म्हणायला लागल्या होत्या. "तपासनीस येतो ना, तो भरलेले रकाने बघत नाही. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवतो."

मला काय आनंद झाला! हे तर तयार पत्रक. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रकाना रिकामा नको!' आणि सगळ्यांकडून घोषणा दिल्यासारखं म्हणवून घेतलं. त्याच भरात नियम केला: विकीवर प्रत्येकीनं खरं, पूर्ण नाव लावायचं, गावासकट.

मंजिरी सगळ्यांत लहान, माझ्याहूनही. तिनं हात वर केला. "टोपणनाव चालेल का?"

"लपायचं कशाला? पुस्तकांची तर यादी आहे."

तिनं पूर्ण नाव टाकलं. माझं हे वाक्य कुठल्या इतिहासात नोंदलेलं नाही. पण रोज सकाळी पान उघडताना ते मला ऐकू येतं.

सात-आठ महिने काम सुरेख चाललं. मग एका बुधवारी विकीवर नवं पान दिसलं, 'काढलेली पुस्तकं'. बाराजणींनी मिळून केलेलं, मला न विचारता. जिल्हा कार्यालयातून फोन येत होते की डोंगरातल्या भाषेची पुस्तकं कपाटातून काढा, तळघरात ठेवा. लेखी काही नाही. दुसऱ्या कुठल्याही खात्यातल्या माणसानं गप्प बसून पुस्तकं उचलली असती. पण या ग्रंथपाल! पुस्तक कपाटातून हललं आणि शेऱ्यात काही नाही, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी शिस्तीत लिहिलं. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक, दाखल क्रमांक अमुक. शेरा: 'फोनवरून तोंडी आदेश. जिल्हा कार्यालय, अमुक साहेब. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.' सही तेवढी पानावर नाही, ती 'इतिहास' बटणामागं आपोआप पडायची. मग अंगाईगीतं. मग लहान मुलांचं अंकलिपीसारखं एक पुस्तक. साहेबाच्या नावासकट, वेळेसकट, एकेक. यात बंड नव्हतं. त्यांच्या लेखी ती रोजची नोंद होती.

बंड मी केलं. त्यांच्या जिवावर, पुण्यात पंख्याखाली बसून.

ते पान वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी विकीच्या मुखपृष्ठावर तांबडी चौकट टाकली: 'ही पुस्तकं कुणी हलवली? वाचा!' खाली त्या पानाचा दुवा. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नोंदवही लिहिली होती, मी ती फाडून भिंतीवर चिकटवली. जिथं आठवड्याला चार-पाच जण फिरकायचे, तिथं माणसं यायला लागली. मला वाटलं, काय काम केलंय!

पुढच्या वर्गात सुमनताई म्हणाल्या, "तस्लीमताई, ते तांबडं कशाला?"

"लोकांना दिसायला नको?"

"तुमच्याकडे लोकांना दिसलं की काय होतं?"

"बोंबाबोंब होते. बातमी होते. मग कुणीतरी घाबरतं."

"हं," त्या म्हणाल्या. "कोण?"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

तीन आठवड्यांनी बुधवारी बारापैकी पाच खिडक्या उजळल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी एक. सुमनताई वाचनालयात नव्हत्या, घरच्या स्वयंपाकघरात होत्या. मागं किटली. आवाज इतका खालचा की मी हेडफोन कानांत दाबून धरले.

"साहेब आले होते. पान छापून आणलं होतं. विचारलं, हे कुणी लिहिलं?"

"मग?"

"मी म्हटलं, मी."

"सगळं?"

"सगळं. त्यांना वाटतं पान म्हणजे अर्ज असतो. एकानं लिहायचा, एकानं सही करायची. ते बटण त्यांना माहीत नाही."

ते बटण. त्या बटणामागं बाराजणींची पूर्ण नावं होती, गावासकट, घड्याळाच्या वेळेसकट. माझ्या नियमाप्रमाणं.

"मी अख्खी विकी बाहेरच्यांसाठी बंद करते. आत्ता."

"बंद दार माझ्याकडूनच उघडून घेतील. सोमवारी परत येणार आहेत, संगणकवाला घेऊन. माझ्या खात्यातून आत शिरतील, आणि तो ते बटण दाबेल."

"मग सगळं उडवते."

"पुस्तकं उडवायची?" त्यांनी चष्मा काढला. "मग त्यांच्यात आणि तुझ्यात काय राहिलं?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं. पण त्या दिवशी त्या मला तू म्हणाल्या, याची मला खात्री आहे.

"अकरा नावं झाक," त्या म्हणाल्या. "तुला येतं ना?"

"येतं. तुमचंही झाकते."

"माझं ठेव. मी तोंडानं सांगून बसलेय. आणि एक नाव लागतं. त्याशिवाय ती नोंद होत नाही."

"मग सगळ्या ओळींवर तुमचंच नाव चढवू का? म्हणजे शंकाच नको."

"खोटं नको!" आवाज पहिल्यांदा चढला, आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. "झाक म्हटलं. दुसरीनं लिहिलेलं माझं म्हणून नको." मग खिडकी काळी झाली.

दुसरा दिवस गुरुवार, पाणी बंद. अम्मी पिंपं मोजत होती. मी न जेवता कोथरूडला गेले. आमचे संचालक वाईट माणूस नाहीत. दोन खोल्या, चार माणसं आणि देणगीदारांचं मन सांभाळता सांभाळता पिकून गेलेत. त्यांना सांगितलं, नावं झाकता येतात. व्यवस्थापक म्हणून तो अधिकार मला आहे. लिहिलेलं तसंच राहतं, नावाच्या जागी करडी, खोडलेली ओळ येते. पण झाकलं कुणी, याची वेगळी नोंद होते, माझ्या नावानं. आणि प्रत्येक वेळी समोर एक चौकोन येतो, 'कारण'.

"कारण लिहू नका," संचालक म्हणाले.

"सर, रिकामं बरं दिसणार नाही."

"जे लिहाल ते उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध वाचतील."

"कुठल्या कोर्टात, सर?"

"तेच तर माहीत नाही ना." त्यांनी खिडकीचं दार उगाच लावलं. "आणि तुम्ही... म्हणजे, तुम्ही जरा जास्तच जपलं पाहिजे."

"मी का?"

"नाही, पासपोर्ट वगैरे असतं माणसाला," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मी बसले. एकेक नोंद. नाव झाकायचं, चौकोन समोर येतो, कर्सर लुकलुकतो. 'ठीक' दाबायचं. पुढची. पहिल्या वेळी माझी बोटं टंकायला उचललीसुद्धा होती. मग डोळ्यांपुढं आली अम्मी, पोलीस पडताळणीला घरी आलेला शिपाई आणि त्यानं न मागता तिनं त्याच्यापुढं मांडलेले घरातले सगळे कागद. फक्त पासपोर्टची पडताळणी होती ती, तरी. माझ्या नावापुढं परदेशातल्या कुठल्या तरी भानगडीचं कारण माझ्याच हातानं लिहिलेलं. नको. 'ठीक.' पुढची. 'ठीक.' चार तास मी ते एकच बटण दाबत होते. 'रकाना रिकामा नको' म्हणून बाराजणींकडून वदवून घेणारी मी.

संध्याकाळी अकरा नावं गेली होती. सुमनताईंचं तेवढं राहिलं.

शनिवारी दुपारी मी दुकानात होते. फोन वाजला, विकीवरून सूचना. माझ्या चर्चापानावर, म्हणजे मला निरोप लिहायच्या पानावर, सुमनताईंनी लिहिलं होतं: 'अकरा झाकलेली पाहिली. काम स्वच्छ. शेऱ्याचा रकाना रिकामा आहे.' खाली नेहमीची सही.

मला क्षणात कळलं. सोमवारी संगणकवाला बटण दाबणार. समोर करड्या ओळींची रांग येणार. झाकल्याची नोंद तो उघडणार, आणि 'कारण' या शब्दापुढं काही नाही. बोट कुठं ठेवेल तो? तिथं नुसतं एवढं असतं, 'प्रशिक्षण संपले, शिकाऊ खाती काढली', तर तो जांभई देऊन पुढे गेला असता. खोटंही नव्हतं ते. वर्ग संपलाच होता. असं कोरडं, कचेरीतलं वाक्य. सुमनताईंना तेवढंच हवं होतं, उद्या परवा त्यांच्यासमोर बोट ठेवलं जाईल तेव्हा दाखवायला. आणि ते अजून भरता येत होतं.

मी फोन अब्बांपुढं धरला. ते एका जुन्या हजेरीपुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते.

"लिहून टाक," म्हणाले.

"तुम्हीच म्हणायचात ना, नाव खाली नको."

"नाव तर तुझं पडलंय तिथं. नावापुढं काहीच नाही, ते जास्त वाईट दिसतं."

"सर नको म्हणालेत."

अब्बांनी ब्रश डब्यात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. "मग सरांना विचार," म्हणाले. त्या स्वरात ते फक्त उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलतात.

मी सरांना फोन केला. "सोमवारी बघू," सर म्हणाले. आणि मला हायसं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते: मला हायसं वाटलं. रविवारी मी भाचीचे केस धुऊन दिले, बिर्याणी खाल्ली, विकी उघडली नाही.

सोमवार गेला. बुधवारी अकराला बारा खिडक्या काळ्या. मी पाऊण तास त्या काळ्या चौकोनांसमोर बसून होते, स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत.

त्यानंतरच्या आठवड्यात मंजिरीचा फोनवर संदेश आला. 'वाचनालय उघडं आहे. सुमनताईंच्या टेबलावर दुसऱ्या बाई बसतात. ताई स्वतः कुठं आहेत ते कुणी सांगत नाही. आम्ही अकरा जणी ठीक आहोत. इथं उत्तर पाठवू नका.' मग तो नंबर बंद झाला.

अकरा जणी ठीक आहेत. मी हे वाक्य माळेसारखं ओढते. पण त्या खोलीत सोमवारी काय झालं, कुणी कुठं बोट ठेवलं, 'हे कुणी झाकलं आणि का' असं विचारल्यावर सुमनताई काय म्हणाल्या, यातलं काही मला माहीत नाही. कदाचित त्या रिकाम्या चौकोनाचा काही संबंधही नसेल. साहेबाचं नाव लिहिलं, तेवढंच पुरेसं असेल. लोक मला हेच सांगतात. पण साहेबाचं नाव मुखपृष्ठावरून बघायला माणसं बोलावली होती कुणी?

संदेश आला त्या दुपारी मी कारणाचा रकाना भरला. 'नावं तस्लीमनं झाकली, पुण्याहून. तेव्हा कारण लिहिलं नाही, कारण घाबरले होते.' उपयोग कुणालाच नाही. आता त्या विकीत बाहेरच्या कुणाला शिरता येत नाही, संस्थेनं प्रकल्प गुंडाळला. खातं असलेल्या आम्ही तेराजणीच आत येऊ शकतो. त्यातल्या अकराजणी येत नाहीत, आणि येऊही नयेत.

मी एक गोष्ट केली आहे. ती संचालकांना सांगितलेली नाही, इथंच सांगते. सुमनताईंना चुकीचा आकडा बघवत नाही. वर्गात दुसरीच्या यादीत एक शून्य जास्त पडलं होतं, तर जेवण अर्धवट टाकून उठल्या होत्या. म्हणून मधमाश्यांच्या त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक मी मुद्दाम एकानं चुकवून ठेवला आहे. कुठं असतील तिथं त्यांना दहा मिनिटं संगणक मिळाला, आणि त्या एकदा आत डोकावल्या, तर ते त्यांच्यानं राहवणार नाही. मला शिव्या घालतील आणि दुरुस्त करतील. खरी नोंद बिघडवली म्हणून तोंडही बघणार नाहीत माझं. चालेल.

दुकानात गेले की अब्बा मान वर न करता विचारतात, "केलं का दुरुस्त?"

आज सकाळीही बघितलं. आकडा चुकीचाच आहे.